रिकामी नव्हे, भरलेली गाडी पाहावी : चौकोनी बांध्याची छोटी गाडी घेणाऱ्या नवख्यांसाठी

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आधी दात पाहतो, मग खूर पाहतो आणि त्यानंतर घोड्यावर माणूस बसवून त्याला चालवून व पळवून पाहतो. दावणीला उभे असलेले जनावर नुसते डोळ्यांनी पाहून तेथे कोणी पैसे मोजत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याकडचे अनेक तरुण खरेदीदार रंग, टायरची चमक आणि म्युझिक सिस्टिम पाहतात, एकट्याने दोन किलोमीटर चालवतात आणि इसार देऊन मोकळे होतात. गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील नात्यातल्या व ओळखीच्या मुलामुलींसोबत गाड्या पाहण्यासाठी मी बराच फिरलो. त्या फिरण्यातून जी एक गोष्ट पक्की पटली, तिच्याभोवतीच हा लेख आहे : उंच, चौकोनी बांध्याची छोटी गाडी आपण आतल्या जागेसाठी घेतो, म्हणून तिची परीक्षाही ती जागा भरूनच झाली पाहिजे.

येथे प्रामुख्याने मारुती सुझुकी वॅगन आर या गाडीचा विचार केला आहे आणि तिच्याच जातीच्या इग्निस या गाडीचा उल्लेख आवश्यक तेथे येईल. या बांध्याचे मूळ जपानमध्ये आहे. तेथे ‘केई’ वर्गातील गाड्यांना कर आणि इतर बाबतींत सवलती मिळतात, पण त्यांची लांबी, रुंदी व इंजिन कायद्याने मर्यादित ठेवलेले असते. लांबी-रुंदी वाढवता येत नाही म्हटल्यावर उंची वाढवायची, प्रवाशांना ताठ बसवायचे आणि पाय ठेवायला जागा काढायची, या विचारातून १९९३ मध्ये सुझुकीची वॅगन आर तयार झाली. भारतात ती १९९९ च्या अखेरीस आली. या इतिहासातच गाडीचा गुण आणि दोष दोन्ही आहेत : चढणे-उतरणे सोपे आणि डोक्यावर भरपूर जागा, पण उंचीच्या मानाने रुंदी कमी.

पहिली पायरी : गाडीत काय भरायचे आहे, ते आधी लिहून काढावे

शोरूममध्ये किंवा बाजारात जाण्यापूर्वी कागदावर लिहावे की आठवड्यात किती दिवस, किती माणसे आणि कोणते सामान घेऊन गाडी धावणार आहे. जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेला आणि रोज एकट्याने ये-जा करणारा मुलगा, आई-वडिलांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेणारी मुलगी, आणि आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारा अमळनेरचा तरुण व्यापारी, या तिघांना एकच गाडी सारखी लागू पडेल असे नाही. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी या बांध्याइतकी सोयीची छोटी गाडी क्वचितच मिळते, कारण सीटवर बसताना खाली वाकावे लागत नाही आणि उतरताना हात धरून वर ओढावे लागत नाही. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला पाहणीच्या वेळी सोबत न्यावे आणि तिला तीन-चार वेळा बसवून-उतरवून पाहावे. मागच्या सीटवर मात्र तीन मोठी माणसे लांबच्या प्रवासात अवघडतात. तेथे दोन मोठे आणि एक मूल असा हिशेब धरावा.

गाडी कोणत्या पिढीची आहे, हे ओळखावे

जुन्या बाजारात तीन पिढ्या दिसतात. २०१० पर्यंतच्या पहिल्या पिढीत १,०६१ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. त्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी आता संपलेली आहे किंवा संपत आली आहे, त्यामुळे फेरनोंदणी, योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर हा खर्च किमतीत धरावा लागतो. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने या पिढीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. २०१० पासूनच्या दुसऱ्या पिढीत ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे के-सिरीज इंजिन आले. ते दणकट आहे आणि त्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. या पिढीची रुंदी दीड मीटरपेक्षाही कमी आणि डिकी सुमारे १८० लिटरची, म्हणजे दोन बॅगांत भरणारी.

जानेवारी २०१९ मध्ये आलेली तिसरी पिढी वेगळीच गाडी आहे. तिची लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० मिलिमीटर आणि डिकी ३४१ लिटरची आहे. एक लिटरच्या इंजिनासोबत तिच्यात १,१९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिनही मिळू लागले. ज्याला सामान न्यायचे आहे त्याने शक्यतो २०१९ नंतरचीच गाडी शोधावी. दिसण्यात तरुणांना अधिक भावणारी इग्निस २०१७ मध्ये आली. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, १८० मिलिमीटर आहे, पण डिकी २६० लिटरची. शेतरस्ता अधिक आणि सामान कमी असेल, तर तिचा विचार जरूर करावा.

तिसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या एक लिटर गाड्यांबाबत एक गोष्ट तपासलीच पाहिजे. इंधनाच्या नळीतील दोषासाठी कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ४० हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि फ्युएल पंपातील संभाव्य दोषासाठी जुलै २०२० मध्ये नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटर गाड्याही बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, की ते काम त्या गाडीवर झाले आहे की नाही हे कळते.

उभ्या गाडीची तपासणी

चौकोनी गाडीचे पत्रे बरेचसे सपाट असतात, आणि ही गोष्ट खरेदीदाराच्या फायद्याची आहे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी वाकून बाजूच्या पत्र्यावरून पुढे नजर टाकावी. विजेच्या खांबाचे किंवा भिंतीच्या कडेचे प्रतिबिंब पत्र्यात सरळ दिसले पाहिजे. ते जेथे लहरते तेथे लांबीपुट्टी भरलेली असण्याची शक्यता असते. दरवाज्यांच्या रबरी पट्ट्या थोड्या ओढून खालचे स्पॉट वेल्डिंग पाहावे. कारखान्यातील ठिपके सारख्या अंतरावर आणि गोल असतात, तर गॅरेजमधील वेल्डिंग खरबरीत दिसते. मागचे दार उभे आणि मोठे असल्यामुळे मागून बसलेल्या धडकेचा मार त्यावर व डिकीच्या तळावर पडतो. म्हणून डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीची खोबण अवश्य पाहावी. तेथे पत्रा चुरगळलेला किंवा ताजा रंग फासलेला असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

खानदेशातील गाडीच्या काही खास खुणा असतात. रावेर-यावल पट्ट्यातील गाडीच्या डिकीत किंवा मागच्या सीटवर काळपट-तपकिरी डाग दिसले, तर ते केळीच्या चिकाचे असू शकतात. हा डाग सहसा जात नाही, आणि गाडी माणसांपेक्षा मालासाठी अधिक वापरली गेल्याचे तो सांगतो. त्यात गैर काही नाही, पण मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअपची तपासणी मग अधिक काळजीने करावी. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चाकांच्या कमानीत आणि दरवाज्यांच्या खालच्या पट्टीत घट्ट बसतो व ओल धरून ठेवतो, त्यामुळे तेथे बोटाने चाचपून गंज पाहावा. कापूस आणि जिनिंगच्या परिसरात फिरलेल्या गाडीच्या एसी कंडेन्सरच्या जाळीत तंतू आणि धूळ अडकलेली असते. टॉर्च घेऊन समोरच्या जाळीतून तेवढे पाहिले तरी मालकाने गाडीची निगा कशी राखली याचा अंदाज येतो.

नंदुरबार-नवापूरकडचे खरेदीदार सुरतहून स्वस्तात गाडी आणतात. सुरत समुद्राजवळचे आणि खाड्यांच्या पुराचे शहर आहे, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या टोकाशी मातीची रेघ आहे का, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का आणि पायाखालच्या गालिच्याला कुबट वास येतो का, हे पाहावे. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते, पण तिच्या वायरिंगमधील बिघाड पुढे वर्षभर डोके वर काढत राहतात.

भर दुपारी आणि भरलेली गाडी चालवून पाहणे

सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. विक्रेते बहुधा सकाळी बोलावतात, इंजिन आधीच सुरू करून ठेवतात, आणि “भाऊ, गाडी एकदम भारी शे” म्हणत गावाबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. यातून काहीही कळत नाही. दुपारी दोन वाजता जावे, गाडी तासभर उन्हात उभी असावी, इंजिन थंड असावे आणि आपल्यासह चार मोठी माणसे बसावीत, अशी अट फोनवरच घालावी. अट मान्य नसेल, तर तो नकारच पुरेशी माहिती देतो.

असे का करावे, याचा अनुभव मी घेतला आहे. मी घेतलेली पहिली जुनी वॅगन आर डिसेंबरमधल्या एका सकाळी पाहिली होती आणि ती निर्दोष वाटली होती. पुढच्या मे महिन्यात पाचोऱ्याहून चार जणांसह संभाजीनगरला जाताना चाळीसगाव-कन्नड घाटात एसी सुरू असताना तापमानाचा दिवा लागला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. रेडिएटरचा पंखा कधी फिरत होता, कधी फिरत नव्हता. थंडीतल्या सकाळी एकट्याने चालवताना त्या पंख्याची गरजच पडली नव्हती, म्हणून दोष दिसला नव्हता. हेड गॅस्केटपर्यंत गेलेला तो खर्च एका दुपारच्या चाचणीने वाचला असता, आणि घाटात कडेला ताटकळलेल्या माझ्या आईचे हालही वाचले असते.

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्यापुढेही जातो. या बांध्याच्या गाडीला काचा मोठ्या असतात, आत हवेचे आकारमान जास्त असते आणि मागच्या प्रवाशांसाठी वेगळे एसीचे झरोके नसतात. त्यामुळे चार माणसे बसवून, काचा बंद करून, एसी पूर्ण चालू ठेवून पंधरा मिनिटे गाडी उभीच चालू ठेवावी. मागे बसलेल्या माणसाला गारवा पोहोचतो का, रेडिएटरचा पंखा ठरावीक अंतराने सुरू होतो का आणि तापमानाचा इशारा शांत राहतो का, हे पाहावे. मगच रस्त्यावर निघावे.

चौघे बसल्यावर बाहेर उतरून मागच्या चाकावरील कमानीचे अंतर दोन्ही बाजूंनी हाताने मोजावे. एक बाजू अधिक दबलेली असेल, तर स्प्रिंग थकलेली असू शकते. त्यानंतर खडबडीत रस्त्यावर, गाणी बंद ठेवून आणि काचा वर करून, ताशी २० किलोमीटरने गाडी न्यावी. पुढून ‘टक-टक’ असा कोरडा आवाज आल्यास लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट झिजलेले असू शकतात. ही कामे फार महाग नाहीत, पण किंमत ठरवताना ती धरायला हवीत. स्टिअरिंग फिरवताना हातात ठोके जाणवणे ही त्याहून गंभीर आणि खर्चिक बाब आहे. स्पीड ब्रेकरवर भरलेली गाडी घासते का, हेही याच वेळी कळते, आणि आपल्या गल्लीतला किंवा शेताकडचा नेमका तो उंचवटा ओलांडून पाहणे सर्वांत चांगले.

पुढची चाचणी महामार्गाची. सुरत-नागपूर महामार्गावर ताशी ८० च्या वेगात शेजारून मोठा ट्रक गेला, की उंच व हलकी गाडी हवेच्या झोताने किंचित बाजूला सरकते. या बांध्यात एवढे सरकणे स्वाभाविक आहे. पण झोत ओसरल्यावर गाडी आपोआप सरळ होत नसेल किंवा सपाट रस्त्यावर हात सैल सोडताच एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट, टायर किंवा जुना अपघात यांपैकी काहीतरी कारण आहे. ज्याने आजवर केवळ मोटरसायकल चालवली आहे अशा नव्या चालकाने वळणावर या गाडीचे झुकणे स्वतः अनुभवून घ्यावे, म्हणजे पुढे घाटात वेग किती ठेवायचा हे त्याला समजेल.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहावी. धुळेकरांना लळिंग, शिरपूरकरांना बिजासन आणि शहादेकरांना तोरणमाळचा घाट जवळ आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच प्लेट संपत आली आहे. एजीएस म्हणजे स्वयंचलित गिअरच्या गाडीतही साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्रणा दाबते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय जुन्या मालकाला असेल, तर तो क्लच लवकर जळतो. २०२२ नंतरच्या एजीएस गाड्यांत चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय आहे, आणि नवख्या चालकासाठी ती मोलाची आहे.

सीएनजी घ्यावी का

हिशेब स्वतः करावा. नव्या गाडीत पेट्रोल आणि सीएनजी प्रकारांतील फरक साधारण ९० हजार रुपयांच्या आसपास असतो. प्रमाणित चाचणीत एक लिटर इंजिनाच्या पेट्रोल मॅन्युअल गाडीला लिटरमागे २४.३५ किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे ३४.०५ किलोमीटर मिळतात, पण प्रत्यक्षात १८ आणि २६ धरणे शहाणपणाचे. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये असेल, तर दर किलोमीटरला अनुक्रमे सुमारे ५ रुपये ८३ पैसे आणि ३ रुपये ४६ पैसे लागतील, म्हणजे ९० हजार रुपये भरून निघायला सुमारे ३८ हजार किलोमीटर चालवावे लागेल. आपल्या पंपावरील दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याने सीएनजीच्या नादी लागू नये. शिवाय टाकी डिकीची बहुतेक जागा खाते, आणि सीएनजीवर इंजिनाची ताकद ६७ वरून सुमारे ५७ पीएसवर (अश्वशक्तीवर) येते, हे चौघांसह घाट चढताना चांगलेच जाणवते. जागेसाठीच ही गाडी घेणाऱ्याने याचा नीट विचार करावा.

जुनी सीएनजी गाडी असेल, तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाल्याचे प्रमाणपत्र पाहावे आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे याची खात्री करावी. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद नसलेली गाडी घेऊच नये.

सुरक्षिततेविषयी स्पष्टपणे

गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१९ मधील चाचणीत वॅगन आरला पाचपैकी दोन तारे मिळाले होते, आणि २०२३ मध्ये अधिक कडक निकषांवर मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक तारा व मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. २०२५ पासून सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देण्यात आल्या, पण जुन्या बाजारातील बहुतेक गाड्यांत दोन, एक किंवा एकही नाही. एबीएस (जोरात ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि दोन्ही पुढच्या एअरबॅग नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब काढून दोष लपवलेला असू शकतो. ज्यांचे रोजचे चालवणे महामार्गावर आणि रात्रीचे आहे, त्यांनी या वर्गाऐवजी अधिक मजबूत ढाच्याची गाडी पाहावी, मग ती थोडी जुनी असली तरी चालेल.

किंमत आणि कागदपत्रे

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे विक्रेता “मी एवढ्याला घेतली होती” असे सांगत असेल, तर त्या जुन्या बिलाला अर्थ नाही. तुलना आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशीच करावी. दोन-तीन वर्षांच्या वॅगन आरची मागणी किंमत आणि नव्या गाडीची किंमत यांत फार अंतर नसेल, तर नवी घेणेच योग्य. नवी घेताना पैसे भरण्यापूर्वी गाडीचा निर्मितीचा महिना पाहावा, विमा शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते हे लक्षात ठेवावे आणि बिलातील प्रत्येक शुल्काचा खुलासा लेखी मागावा.

जुन्या गाडीचे टायर किती जुने हे त्यांच्या बाजूवरील चार अंकी खुणेवरून कळते, ज्यात पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेच लागतात, म्हणून तो खर्च किमतीतून वजा करावा.

आरसीवरील चेसिस व इंजिन नंबर गाडीवरील नंबरशी स्वतः ताडून पाहावेत. एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत, पीयूसी, बँकेचा बोजा आणि गाडीचा वर्ग पाहावा, आणि थकलेल्या ई-चलनांचीही चौकशी करावी. पूर्वी टॅक्सी म्हणून नोंदलेली गाडी खासगी करून विकली जाते, आणि तिच्या मीटरवरील आकड्यावर विसंबता येत नाही. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. गुजरात किंवा मध्य प्रदेशातील गाडीसाठी फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते व महाराष्ट्रात गाडीच्या वयानुसार कर पुन्हा भरावा लागतो. सुरत किंवा बऱ्हाणपूरची गाडी वरवर स्वस्त दिसली, तरी हा कर मिळवल्यावर धुळ्याच्या एमएच १८ किंवा जळगावच्या एमएच १९ क्रमांकाच्या गाडीपेक्षा ती महाग पडू शकते.

नोटरीच्या कागदावर व्यवहार करून गाडी जुन्याच मालकाच्या नावावर वर्षानुवर्षे फिरवण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती दोघांच्याही गळ्याशी येते. आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि विमा स्वतःच्या नावावर १४ दिवसांत करून घेतला नाही तर गाडीच्या नुकसानीचा दावा नव्या मालकाच्या हाती लागत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबरच जातो, म्हणून विम्याचा हप्ता वाढेल हे धरून चालावे. मी स्वतः आता एकूण किमतीतील काही रक्कम, साधारण दहा टक्के, आरसी नव्या नावाने येईपर्यंत रोखून ठेवण्याची अट लेखी घालतो, आणि दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक व मूळ बिल गाडीसोबतच ताब्यात घेतो.